पुसायचं की जुळवायचं?

हातातलं यंत्र आणि टेबलावरचा कंप्युटर यांचं सिंक बिघडलं की घरोघरी दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, एक बाजू साफ पुसा आणि दुसऱ्या बाजूवरून परत भरा. दुसरा म्हणतो, नेमकं काय बिघडलंय ते कळेपर्यंत कशाला हात लावू नका. या संवादातली आत्या निवृत्त चार्टर्ड अकाउंटंट आहे. स्मार्टफोन येण्याआधीची बरीच वर्षं तिने पाम कंपनीच्या हँडहेल्डवर, म्हणजे खिशात मावणाऱ्या छोट्या कंप्युटरवर, काढली. भाचा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि फोनमधला डेटा सर्व्हरशी जुळवणं हेच त्याचं रोजचं काम आहे.

भाचा : आत्या, माझं मत सरळ आहे. फोनमधले कॉन्टॅक्ट आणि कंप्युटरवरचे कॉन्टॅक्ट जुळत नसतील तर एका बाजूचे डिलीट मारायचे आणि दुसऱ्या बाजूचे उतरवून घ्यायचे. चहा उकळेपर्यंत काम होतं. कारण शोधत बसलं की अख्खा रविवार जातो.

आत्या : आणि डिलीट कुठल्या बाजूचे मारायचे?

भाचा : जी बाजू जुनी आहे तिचे.

आत्या : डॉक्टरांचा नवा नंबर मी फोनवर घातला. सोसायटीच्या सेक्रेटरींचा नवा पत्ता कंप्युटरवर घातला. आता सांग, जुनी बाजू कुठली? अरे, बँक रिकन्सिलिएशनमध्ये पासबुक आणि रोकडवही जुळत नाही म्हणून कोणी रोकडवही फाडून पासबुकावरून नवी लिहीत नाही. फरक कुठल्या नोंदींत आहे त्याची यादी करतात. कुठला चेक दिलाय पण वटलेला नाही, कुठले चार्जेस बँकेने लावलेत पण आपल्याकडे आलेले नाहीत. बाकीच्या नोंदींना हातही लावायचा नसतो.

भाचा : ती यादी करायला तुझ्यासारखी सीए लागते. आमचं ॲप वापरणारे लोक फोन करून एवढंच सांगतात की सिंक होत नाहीये.

आत्या : त्या एका वाक्यात तीन वेगळे बिघाड असतात. यंत्रं एकमेकांना दिसतच नाहीत, हा पहिला. दिसतात, काम सुरू होतं आणि मधेच तुटतं, हा दुसरा. आणि काम पुरं होतं, ‘झालं’ असा संदेशही येतो, पण डेटा चुकीचा बसतो, हा तिसरा. पहिल्यात डेटाला काहीच झालेलं नसतं, दुसऱ्यात बहुधा नसतं. तिथे पुसणं म्हणजे फुकटची जोखीम. तिसऱ्यात पुसलंस तर काय चुकलं याचा पुरावाच जातो.

भाचा : पहिला प्रकार जरा उलगडून सांग. तुमच्या पामच्या जमान्यात तो कसा असायचा?

आत्या : पायलट १००० आणि पायलट ५००० ही मॉडेलं १९९६ साली अमेरिकेत आली. पामचे संस्थापक जेफ हॉकिन्स यांनी आधी लाकडाचा एक ठोकळा कापून खिशात बाळगला होता, यंत्र केवढं असावं ते कळावं म्हणून. पण माझ्या मते त्यांचा खरा निर्णय आकाराचा नव्हता. हे यंत्र कंप्युटरची जागा घेणार नाही, कंप्युटरला जोडून राहील, असं त्यांनी ठरवलं. म्हणून डब्यातच क्रेडल, म्हणजे यंत्र उभं करायची बैठक, मिळायचं आणि त्यावर एकच बटण, हॉटसिंक. ते दाबलं की हँडहेल्ड हाक मारायचा. हाकेला ओ द्यायला कंप्युटरवर हॉटसिंक मॅनेजर चालू हवा. तो खाली घड्याळाशेजारी बसलेला असायचा आणि कोणीतरी तो नकळत बंद केलेला असायचा. चालू असला तरी कॉम पोर्ट दुसऱ्याने धरून ठेवलेला असायचा, बहुतेकदा मोडेमच्या नाहीतर फॅक्सच्या सॉफ्टवेअरने. असा सिरियल पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रॅमला मिळतो. दोष असा टेबलावर, आणि लोक पुसायला निघायचे हातातलं यंत्र.

भाचा : हे आजही तसंच आहे, कबूल करतो. चार्जिंगच्या काही केबलींत विजेच्याच तारा असतात, डेटाच्या नसतात. फोन चार्ज होतोय म्हणजे केबल ठणठणीत, असं सगळे धरून चालतात. केबल बरोबर असली तरी अँड्रॉइड फोन बहुधा नुसता चार्जिंगवर राहतो. वरून नोटिफिकेशन खाली ओढून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडावं लागतं. तोवर कंप्युटरला फोनमधलं काही दिसत नाही.

आत्या : आणि एक प्रकार असा की दोन्ही यंत्रं धडधाकट असतात, फक्त त्यांच्यामधला दुभाषी नसतो. विंडोज ६४-बिट झालं तेव्हा पामने त्यासाठी यूएसबीचा ड्रायव्हर काढलाच नाही. ब्लूटूथने नाहीतर इन्फ्रारेडने जोडा, एवढाच रस्ता उरला. तिथे तुझा रिसेट काय करणार?

भाचा : काही नाही. पण दुसऱ्या प्रकारात, म्हणजे मधेच अडकतं तिथे, रिसेटसारखा उपाय नाही. आणि तो आळशी माणसाचा उपाय आहे असं समजू नकोस. प्रोग्रॅम अडकतो तेव्हा तो शेकडो अवस्थांपैकी कुठल्या तरी एका विचित्र अवस्थेत असतो. ती नेमकी कुठली हे बाहेरून दिसत नाही. ती हुडकत बसण्यापेक्षा ओळखीच्या अवस्थेत परत जाणं शहाणपणाचं. मोठमोठे सर्व्हर आम्ही असेच सावरतो.

आत्या : प्रोग्रॅमपुरतं पटलं. पामवर मागे एक बारीक भोक असायचं. पेपरक्लिप सरळ करून त्यात टोचली की सॉफ्ट रिसेट : अडकलेला प्रोग्रॅम सुटायचा, डेटा जागच्या जागी. पॉवरचं बटण दाबून धरून तीच पेपरक्लिप त्याच भोकात टोचली की हार्ड रिसेट : नोंदी गेल्या, मालकाचं नावसुद्धा गेलं. तुम्ही लोक ‘रिसेट करा’ म्हणता तेव्हा यातला कुठला ते सांगत नाही. प्रोग्रॅम परत बसवता येतो. मी हाताने लिहिलेली नोंद कुठून आणशील?

भाचा : कंप्युटरवरून. सिंकचा उपयोगच तो. तुमच्या यंत्राला तर त्याची जास्तच गरज होती. सुरुवातीच्या पाममध्ये सगळा डेटा रॅममध्ये असायचा. दोन ट्रिपल-ए सेल पार संपले की डेटाही संपला. सेल बदलायचे ते मिनिटाच्या आत, असं मॅन्युअलमध्येच लिहिलेलं असायचं. मग हार्ड रिसेटला एवढं घाबरायचं कशाला? यंत्र कोरं झालं, कंप्युटरवरून भरून घेतलं.

आत्या : भरून घेतलं म्हणतोस, पण बाण कुठल्या दिशेला ते आधी बघावं लागतं. हॉटसिंकच्या सेटिंगमध्ये प्रत्येक गोष्टीला, म्हणजे ॲड्रेस बुकला, डेटबुकला, मेमोला, चार पर्याय असायचे. दोन्हीकडचं जुळवा. कंप्युटरवरचं हँडहेल्डवर घाला. हँडहेल्डवरचं कंप्युटरवर घाला. काही करू नका. हार्ड रिसेटनंतर दुसरा पर्याय निवडा, असं मॅन्युअल सांगायचं. घाईत कोणी तिसरा निवडला तर कोरं हँडहेल्ड भरलेल्या कंप्युटरवर पालथं पडलं. दोन्हीकडे शून्य, आणि दोन्हीकडे अगदी तंतोतंत जुळणारं शून्य.

भाचा : पण ती सोय चांगली केली होती त्यांनी. आम्ही कॉलेजात जुन्या सिंकची रचना अभ्यासली तेव्हा वाचलं होतं. बदललेली दिशा फक्त पुढच्या एका सिंकपुरती टिकायची. ‘सेट ॲज डिफॉल्ट’वर मुद्दाम टिक केली नाही तर ती आपोआप मूळ पर्यायावर यायची.

आत्या : आणि लोक मुद्दाम टिक करायचे! मग दर सिंकला कंप्युटरवरचं हँडहेल्डवर चढायचं आणि दिवसभर गाडीत, मीटिंगमध्ये केलेल्या नोंदी संध्याकाळी गायब. तक्रार काय, तर यंत्र विसरतंय. खरं तर यंत्र सांगितलेलं काम चोख करत होतं. म्हणून म्हणते, तिसऱ्या प्रकारात पहिली नजर केबलवर नको, या सेटिंगवर हवी. दुसरी नजर हॉटसिंक लॉगवर. कुठल्या वेळी, कुठल्या भागात काय झालं ते तिथे उतरलेलं असायचं. तो लॉग वाचणारा माणूस मात्र विरळा.

भाचा : वाचणार नाहीतच. लॉग आम्ही आमच्यासाठी लिहितो. लोकांच्या तक्रारीत सगळ्यात वर असतात त्या दुहेरी नोंदी. एकाच माणसाची तीन-तीन कार्डं. तिथे पुसण्यावाचून गत्यंतर नाही.

आत्या : दुहेरी नोंदी का होतात ते तू मला समजावून सांग. पामचंच उदाहरण घे, मला ते कळेल.

भाचा : बरं. पामवर प्रत्येक नोंदीला तीन बाइटचा एक क्रमांक असायचा आणि एक बाइट खुणांसाठी. त्या बाइटमधली एक खूण ‘ही नोंद बदलली आहे’ अशी, एक ‘ही पुसली आहे’ अशी, एक ‘ही खाजगी आहे’ अशी. शेवटचे चार बिट वर्गवारीसाठी.

आत्या : चार बिट म्हणजे सोळा. तरीच वर्ग सोळाच असायचे, त्यातला एक ‘अनफाइल्ड’. कंप्युटरवर कोणी पंचवीस वर्ग करून ठेवले तर बाकीचे तिकडे मावणार कुठे?

भाचा : बरोबर. आता सिंक होताना कंप्युटर फक्त खूण असलेल्या नोंदी उचलायचा, कारण बाकीच्या बदललेल्याच नाहीत. याला म्हणायचे फास्ट सिंक. काम झालं की खुणा साफ. आता समज, तू घरी सिंक केलंस आणि मग ऑफिसात केलंस. खुणा घरच्या सिंकमध्येच साफ झाल्या. ऑफिसच्या कंप्युटरला वाटेल, काहीच बदललं नाही. म्हणून शेवटचं सिंक कुठल्या कंप्युटरशी झालं ते हँडहेल्ड लक्षात ठेवायचा. कंप्युटर वेगळा दिसला की स्लो सिंक : सगळ्या नोंदी एकेक करून ताडून बघायच्या.

आत्या : आणि एकच नोंद दोन्हीकडे वेगवेगळी बदललेली सापडली तर?

भाचा : तर दोन्ही ठेवायच्या. दोन्हीकडे दोन-दोन नोंदी. लॉगमध्ये तसा शेरा.

आत्या : म्हणजे ती दुहेरी नोंद हा बिघाड नव्हताच. कुठली खरी हे यंत्राला कळेना, म्हणून त्याने दोन्ही माझ्यापुढे ठेवल्या. हे प्रामाणिकपणाचं वागणं झालं. आणि तू म्हणतोस, पुसून टाका.

भाचा : या एका कारणाने झालेल्या दुहेरी नोंदीबद्दल तू म्हणतेस ते खरं. पण बाकीच्या दुहेरी नोंदी खरोखरच कचरा असतात. एक गंमत दाखवतो. ‘कऱ्हाडे’ हे आडनाव घे. त्यातला तो अर्धा ऱ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका तऱ्हेत ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि मग हलन्त. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त आणि पुढे डोळ्याला न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही ‘कऱ्हाडे’ हुबेहूब सारखे. कंप्युटरला मात्र ती दोन वेगळी आडनावं. युनिकोडचे समान रूपांतराचे नियम लावले तरी ही दोन रूपं एक होत नाहीत. फोनच्या कीबोर्डवर एक तऱ्हा, कंप्युटरच्या कीबोर्डवर दुसरी. नावावरून ताडायला बसलं की कऱ्हाडे दोन, कुऱ्हाडे दोन, गोऱ्हे दोन.

आत्या : म्हणजे मराठी माणसाच्या फोनबुकात हा बिघाड ठरलेलाच! मग मला सांग, एक बाजू पुसून परत भरलीस तर हे सुटेल?

भाचा : (थांबून) नाही. त्या दिवसापुरतं सुटेल. पुढच्या वेळी कंप्युटरवर तेच नाव टाइप केलं की परत तेच.

आत्या : मग कारण शोधण्यात रविवार गेला म्हणून काय बिघडलं? पुसण्यात दर महिन्याची एक संध्याकाळ जाते. नंबरांचंही तसंच. एकीकडे +९१ लावून, एकीकडे शून्य लावून, एकीकडे नुसते दहा आकडे.

भाचा : ठीक आहे. पण आत्या, तू सगळं जुन्या रचनेत बघतेस. दोन यंत्रं, दोन्ही स्वतःला मालक समजणारी, त्यात भांडण होणारच. आम्ही भांडणाचं मूळच काढलं. खरी प्रत एकच, सर्व्हरवर. फोन आणि कंप्युटर दोघेही तिच्याकडून घेतात. बटण नाही, क्रेडल नाही, दिशा नाही. त्यासाठी कॅलेंडरचं कॅलडॅव हे प्रमाण २००७ साली आलं, कॉन्टॅक्टचं कार्डडॅव २०११ साली. नोंदीच्या प्रत्येक आवृत्तीला सर्व्हर एक शिक्का देतो. फोन बदल पाठवतो तेव्हा सोबत जुना शिक्का पाठवू शकतो. मधल्या वेळात दुसऱ्या कोणी ती नोंद बदलली असेल तर शिक्का जुळत नाही आणि सर्व्हर तो बदल नाकारतो. पोस्टाने आलेलं जुनं पत्र चुकून नव्यावर चढत नाही.

आत्या : कोकण रेल्वेने रत्नागिरीला जाताना करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा. आत रेंज नाही. त्या वेळात मी फोनवर एक नंबर सुधारला आणि घरी माझ्या यजमानांनी कंप्युटरवर तोच सुधारला. बोगद्यातून बाहेर आल्यावर तुझा सर्व्हर काय करणार?

भाचा : तुझा बदल नाकारेल. मग फोनवरचं ॲप सर्व्हरवरची नवी नोंद आणेल आणि…

आत्या : आणि?

भाचा : आणि ॲप कसं लिहिलंय त्यावर ठरेल. काही ॲप दोन्ही जुळवतात. काही शेवटी लिहिलेलं ते खरं असं धरतात.

आत्या : शेवटी कोणी लिहिलं ते घड्याळावरून ना? घड्याळ चुकीचं असलं की? अमेरिकेत माझा मुक्काम असताना लॅपटॉपचा टाइमझोन बदलला तर दिवसभराचे म्हणून लिहिलेले सगळ्यांचे वाढदिवस दोन-दोन तारखांवर पसरले होते. आदल्या दिवशी अर्धा, त्या दिवशी अर्धा. कॅलेंडरने वाढदिवस हासुद्धा मध्यरात्री सुरू होणारा चोवीस तासांचा कार्यक्रम म्हणून साठवला होता. तिथे पुसायला बसले असते तर दीडशे लोकांचे वाढदिवस गेले असते. टाइमझोन भारताचा केला, सगळे जागेवर आले.

भाचा : म्हणजे तुझं म्हणणं, क्लाउड आला तरी दोन प्रतींचा प्रश्न तसाच राहिला.

आत्या : तसाच, फक्त दिसेनासा झाला. बटण होतं तेव्हा निदान कळायचं की आता दोन प्रती एकमेकींना भेटतायत. भेटीआधी एक क्षण विचार करता यायचा. आता भेट माझ्या खिशात, मला न विचारता होते. एका जागी चूक झाली की मिनिटात सगळीकडे पोचते. पूर्वी फोनवर चुकून पुसलेला नंबर संध्याकाळपर्यंत कंप्युटरवर शाबूत असायचा.

भाचा : आणि त्याच बटणामुळे लोक महिनोन्‌महिने सिंक करायचेच नाहीत. फोन हरवला की सगळं गेलं. तुझ्या पिढीत बटण दाबणारे शिस्तीचे लोक होते, मान्य. पण शिस्तीवर चालणारी व्यवस्था शिस्त नसलेल्यांना फार महाग पडते. आज रिक्षात विसरलेल्या फोनमधले नंबर नव्या फोनवर दहा मिनिटांत येतात. हा फायदा तू मोजतच नाहीस.

आत्या : मोजते. हा फायदा मोठा आहे, नाही म्हणत नाही. माझा आक्षेप आपोआप होण्याला नाही. जे परत आणता येतं ते यंत्राने खुशाल आपोआप करावं. नवी नोंद घालायची, घाल. बदल उतरवायचा, उतरव. पुसायच्या आधी मात्र विचार. पामनेही एका बाबतीत ही अक्कल दाखवली होती. एका बाजूला नोंद पुसलेली आणि दुसऱ्या बाजूला तीच बदललेली असेल तर बदललेली टिकायची, पुसणं रद्द.

भाचा : विचारण्याचा उपयोग होत नाही गं. ‘तुम्हाला खात्री आहे का?’ अशी खिडकी दहा वेळा आली की अकराव्या वेळी माणूस न वाचता ‘हो’ दाबतो. आम्ही ते रोज बघतो. त्यापेक्षा विचारू नये, पुसलेलं बाजूला राखून ठेवावं. महिनाभर ठेवावं, मग काढावं. चूक करायची मोकळीक द्यावी, पण ती निस्तरण्याची वाटही द्यावी.

आत्या : हे मला माझ्या मतापेक्षा बरं वाटतंय. मग तुझा पहिला सल्ला तूच मागे घेतलास की. एक बाजू डिलीट मारा म्हणाला होतास.

भाचा : मागे नाही घेतला, त्याच्याआधी एक पायरी घातली. पहिल्यांदा दोन्ही बाजूंची प्रत तिसऱ्या जागी उतरवून घ्यायची. कॉन्टॅक्ट एका फाइलमध्ये एक्स्पोर्ट करायचे, फोनचे वेगळे, कंप्युटरचे वेगळे. मग तुझे तीन प्रश्न : दिसत नाही, तुटतंय, की चुकीचं बसतंय? दिसत नसेल तर केबल, पोर्ट, ड्रायव्हर. तुटत असेल तर रिस्टार्ट, पण डेटाला धक्का न लावणारा. चुकीचं बसत असेल तर दिशा, घड्याळ, टाइमझोन, नावांचं टायपिंग. एवढ्यावर नाही सुटलं तर मग मी एक बाजू पुसणार. तिथे मी हटणार नाही.

आत्या : प्रती हातात असल्या तर पूस. फक्त कुठली बाजू पुसायची ते फाइली शेजारी-शेजारी उघडून, फरक बघून ठरव. अंदाजाने नको.

भाचा : आणि पुसलेलं राखून ठेवण्याबद्दल आपलं एकमत झालं म्हणायचं?

आत्या : अर्धं. पामवर नोंद पुसताना खाली एक चौकट असायची : कंप्युटरवर जुनी प्रत जपून ठेवायची का? बहुतेकांची त्यावर टिक असायची. त्या नोंदी कंप्युटरवर एका वेगळ्या अर्काइव्ह फाइलमध्ये जाऊन पडायच्या आणि ती फाइल मेनूतून मुद्दाम उघडल्याशिवाय दिसायची नाही. नंबर गेला म्हणून हळहळणाऱ्या कित्येकांचा नंबर त्यांच्याच टेबलावर होता. तेव्हा तू खुशाल राखून ठेव रे, विचारूही नकोस. पण कुठे ठेवलंस ते मला सांग.